कागद वाचून कुणी पैसे लावत नाही : ‘ॲम्फी’ला कराडहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य फंड घराणी,
असोसिएशन ऑफ म्युच्युअल फंड्स इन इंडिया (ॲम्फी), मुंबई.

स. न. वि. वि.

मी कराडमध्ये गेली वीस वर्षं म्युच्युअल फंडाचं काम करते. त्याआधी पोस्टाची एजंट होते, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची. महिना उजाडला की दारोदार फिरायचं, आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करायचे, बाईच्या कार्डावर सही करायची आणि पोस्टाच्या खिडकीत यादी द्यायची. २००५ साली तुमची परीक्षा पास झाले, एआरएन म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर मिळाला आणि त्याच घरांमध्ये, त्याच ओट्यांवर बसून मी फंडाबद्दल बोलायला लागले. माणसं तीच होती, पण आता त्यांना ठरवावं लागत होतं. पोस्टात ठरवायचं काही नसतंच.

हे पत्र लिहायचं कारण फेब्रुवारी २०२५ मधला एक आठवडा. त्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात जाणारा ठरलेला हप्ता, बंद करायला येत होतं. तसं ते देशभर चाललं होतं. तुमच्याच आकडेवारीप्रमाणे जानेवारी २०२५ पासून काही महिने नव्या सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपी जास्त होत्या. त्यात जुन्या नोंदींची साफसफाई होती, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेली माणसं साफसफाईतली नव्हती. त्यातल्या बहुतेकांनी वर्षभरापूर्वी त्याच खुर्चीत बसून उत्साहानं फॉर्मवर सही केली होती. त्यांना मी विचारलं, ‘तेव्हा का घेतला होता?’ उत्तरं ऐकून वाटलं, हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

लोक फंडात पैसे का घालतात यावर पुष्कळ अभ्यास होतात. वय, उत्पन्न, शिक्षण, जोखीम घेण्याची तयारी असे त्यात रकाने असतात. आम्हीही फॉर्म भरताना तेच विचारतो. पण वीस वर्षांत माहितीपत्रक वाचून ‘हा फंड मला द्या’ म्हणत आलेली माणसं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे कुणाच्या तरी शब्दावर आले. प्रश्न एवढाच असतो, की तो शब्द कुणाचा.

आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेचं सांगते. २०१७ मध्ये तिथल्या एका गुरुजींनी करबचतीसाठी फंड घेतला होता. दिवाळीनंतर त्यांनी मधल्या सुट्टीत मोबाइलवर आपला आकडा दाखवला. पुढच्या पंधरा दिवसांत त्या शाळेतले जवळपास सगळे शिक्षक माझ्याकडे येऊन गेले. त्या वर्षी स्मॉल कॅप म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या फंडांची हवा होती, त्यामुळे सगळ्यांना तोच हवा होता. त्यात सत्तावीस वर्षांची नुकती लागलेली बाई होती आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले एक सरही होते. सरांना मी म्हटलं, ‘सर, हे पैसे तुम्हाला निवृत्तीनंतर घराच्या कामाला लागणार आहेत. या फंडात इतक्या कमी मुदतीसाठी नको.’ सर म्हणाले, ‘ताई, सगळ्यांनी घेतलाय तोच द्या. उद्या त्यांचे वाढले आणि माझे राहिले तर मी शाळेत काय सांगू?’

हे वाक्य मी विसरलेले नाही. नुकसानीची भीती त्यांना नव्हती असं नाही. पण आपण एकटेच मागे राहू, ही भीती त्याहून मोठी होती. सगळ्यांबरोबर बुडालो तर निदान स्टाफरूममध्ये सोबत असते. २०१८ च्या जानेवारीनंतर स्मॉल कॅप घसरत गेले आणि सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची रक्कम मुद्दलाच्याही खाली होती. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण तो फॉर्म मी भरायला नको होता. मी समजावलं होतं, सही त्यांची होती, जोखीम मोजणाऱ्या चक्रावरचा काटाही जिथे असायला हवा तिथे होता. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, तरी त्या माणसाचा निर्णय चुकीचा झाला आणि तो होताना मी समोर बसले होते.

त्या चक्राबद्दल बोलते, कारण त्यावर तुम्ही आणि बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं खूप मेहनत घेतली आहे. २०१३ मध्ये जोखीम दाखवायला निळा, पिवळा, तपकिरी असे रंग आले. २०१५ मध्ये काट्याचं चक्र म्हणजे रिस्कोमीटर आलं. जानेवारी २०२१ पासून त्यात सहा पायऱ्या झाल्या आणि ‘अति उच्च’ ही शेवटची पायरी आली. आता शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या बहुतेक सगळ्या योजनांचा काटा त्याच शेवटच्या पायरीवर असतो. मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) तिथेच आणि एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांचा फंडही तिथेच. मग समोरचा माणूस म्हणतो, ‘सगळंच लाल आहे ना, मग ज्याचा आकडा मोठा तो द्या.’ सावध करायला ठेवलेली खूण अशा वेळी काहीच सांगत नाही. ‘अति उच्च’ म्हणजे दहा हजारांचे किती होऊ शकतात, हे त्या चक्रात कुठेच दिसत नाही.

आकड्याचं वेड मी २००७ मध्येही पाहिलं होतं आणि २०२४ मध्येही पाहिलं. तासवडे एमआयडीसीत कामाला असलेला एक मुलगा जुलै २०२४ मध्ये आला. हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र. एका वर्षात अमुक टक्के, नावात ‘डिफेन्स’. त्यानं ॲपवरून स्वतःच घेतला असता, पण आईनं सांगितलं होतं ताईंना विचारून ये. मी त्याला त्याच फंडाच्या प्रकाराची आधीची पडझड दाखवायला गेले तर तो म्हणाला, ‘ते जुनं आहे, आता देश बदललाय.’ पंचवीस वर्षांच्या मुलाला बाजाराची पहिली तेजी ही कायमचीच वाटते. मलाही २००७ मध्ये तशीच वाटली होती. तेव्हा पायाभूत सुविधांच्या फंडांची लाट होती. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स वर्ष संपायच्या आत दहा हजारांच्याही खाली येऊन गेला. जाहिरातीत ‘मागील कामगिरी भविष्यात टिकेलच असे नाही’ असं लिहिलेलं असतं खरं, पण ते त्या मोठ्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरात असतं. माणसाचं लक्ष मोठ्या अक्षराकडेच जातं, यात माणसाची काय चूक?

आणि दहा रुपयांची गोष्ट. नवीन योजना बाजारात आली की दहा रुपयांना एक युनिट, म्हणजे फंडातला एक हिस्सा, मिळतं. जुन्या चांगल्या योजनेचं युनिट चारशे रुपयांना असतं. ‘दहावालं स्वस्त पडतंय, तेच घेऊ’ असं म्हणणारी सुशिक्षित माणसं मी पाहिली आहेत. मी टेबलावर दहा हजारांचा हिशेब मांडते. इथे हजार युनिटं, तिथे पंचवीस. दोन्हीकडे आतले शेअर दहा टक्के वाढले तर इथेही अकरा हजार, तिथेही अकरा हजार. हिशेब पटतो, पण मन मानत नाही. हजार नग मिळाल्याचं समाधान पंचवीस नगांत नसतं. भाजीच्या बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला भाव कमी म्हणजे माल स्वस्त, हेच शिकवलेलं असतं. नव्या योजना विकताना या गैरसमजावर किती पैसा उभा राहतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. एकाही जाहिरातीत हा गैरसमज दूर केलेला मी पाहिलेला नाही.

आता भीतीबद्दल. ती समजून घेतल्याशिवाय आमच्या भागातल्या निम्म्या घरांचं दार का उघडत नाही ते कळणार नाही.

माझे सासरे पोस्टाशिवाय कुठेही पैसे ठेवत नसत. कारण विचारलं की एकच शब्द: ‘युनिट.’ युनिट ट्रस्ट या सरकारी फंड संस्थेची यूएस-६४ योजना १९६४ ची. मध्यमवर्गानं ती मुदत ठेवीसारखी मानली. दरवर्षी लाभांश येतो, पैसे सुरक्षित, सरकार पाठीशी. तिच्यात शेअर बाजाराचे पैसे आहेत हे फार थोड्यांच्या लक्षात होतं. जुलै २००१ मध्ये योजनेची खरेदी-विक्री थांबवली गेली. पुढे छोट्या धारकांना तीन हजार युनिटांपर्यंत युनिटमागे दहा रुपयांपासून पुढे पैसे परत मिळण्याची सोय झाली, आणि २००३ मध्ये उरलेल्यांना ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे मिळाले. म्हणजे शेवटी सगळं बुडालं असं झालं नाही. पण ती बातमी ज्या दिवशी आली त्या दिवशी गावोगावी कट्ट्यावर जे बोललं गेलं, ते आजही बोललं जातं.

यातली खरी गोष्ट पुढेच आहे. माझ्या सासऱ्यांकडे एकही युनिट नव्हतं. त्यांचं एका रुपयाचं नुकसान झालं नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं. आणि त्या ऐकण्यावर त्यांनी पुढची अठरा वर्षं काढली, मुलांनाही तेच सांगितलं. जसा शाळेतला एकाचा फायदा पंधरा दिवसांत सगळ्यांचा निर्णय बनला, तसाच दुसऱ्या कुणाचा तोटा एका अख्ख्या घराचा निर्णय बनला. सेबीच्या २०२५ च्या सर्वेक्षणात ६३ टक्के कुटुंबांना बाजारातल्या किमान एका साधनाची माहिती होती, पण प्रत्यक्ष पैसे घालणारी कुटुंबं जेमतेम साडेनऊ टक्के निघाली. मधली जी कुटुंबं आहेत त्यांना माहिती कमी पडते असं मला वाटत नाही. त्यांच्या घरात कुणाचं तरी ‘युनिट’ असतं. कधी ती बुडालेली पतसंस्था असते, कधी दामदुप्पट योजनेत गेलेला मामाचा प्लॉट. त्या माणसाच्या लेखी पतसंस्था, दामदुप्पट आणि म्युच्युअल फंड एकाच रांगेत उभे असतात: ‘कुणीतरी गोड बोलून पैसे नेतो.’ त्याला फरक समजावून सांगायला निदान तीन बैठका लागतात. आणि तिन्ही वेळा आधी त्याचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट निर्णय घडवते, ती म्हणजे पैसे येण्याची वेळ. नोकरदाराला एसआयपी जमते, कारण पगार महिन्याला येतो. शेतकऱ्याला उसाचं बिल एकदम येतं. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत यायला हवं, प्रत्यक्षात कधी हप्त्याहप्त्यानं, कधी उशिरा. ते आलं की सोसायटीचं कर्ज, खतवाल्याची उधारी, मुलीचं लग्न आणि मग उरलं तर ‘ताई, कुठं ठेवू?’ त्याला मासिक हप्त्याचा फॉर्म दिला की तो चार महिन्यांत बाउन्स होतो आणि बँक दंड कापते. मग तो म्हणतो, फंडवाल्यांनी पैसे कापले. मी त्याला आधी लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीसाठी पैसे ठेवायच्या फंडात, ठेवून तिथून थोडे थोडे पुढे सरकवायला सांगते. हे साधन तुमच्याकडे वर्षानुवर्षं आहे. पण तुमच्या जाहिरातीतला माणूस नेहमी शहरातला पगारदार असतो. उसाचं बिल हातात घेऊन विचार करणारा शेतकरी मी अजून त्यात पाहिला नाही.

बँकेच्या काउंटरबद्दल थोडक्यात सांगते. एका निवृत्त बाईंची मुदत ठेव संपली होती. बँकेत त्यांना सांगितलं गेलं, ‘मॅडम, हे एफडीसारखंच आहे, जास्त देतं.’ वर्षभरानं त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा कळलं, की तो एका क्षेत्राचा फंड होता. त्यांना तोट्याचं तितकं वाईट वाटलं नव्हतं जितकं ‘एफडीसारखंच’ या शब्दाचं. ‘बँकेतला माणूस खोटं कसं बोलेल?’ असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बँकेच्या पाटीचा हा भरवसा पिढ्यांनी कमावलेला आहे. तो वापरून चुकीचा माल खपवला तर पुढचं नुकसान त्या बँकेपुरतं राहत नाही, ते सगळ्या फंडांना भोगावं लागतं.

आणि बायका. माझ्याकडची बरीच खाती बायकांच्या नावावर आहेत आणि त्यातल्या अनेक खात्यांवर मोबाइल नंबर नवऱ्याचा आहे. सही तिची, निर्णय त्याचा. खर्चासाठी पैसे काढले जातात ते तिला सहा महिन्यांनी कळतं. म्हणून मी आता नंबर तिचाच घालायला लावते. कुणी कुरकुर केली तर सांगते, मेसेज तिच्या फोनवर यायलाच हवा. पण ज्या बायका स्वतः ठरवून येतात, त्यांच्यासारखा शिस्तीचा गुंतवणूकदार मी पाहिलेला नाही. त्या शिस्तीचं मूळ भिशीत आहे. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी पैसे ठेवायचेच, नाही ठेवले तर चौघींत मान जाते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या जवळच्या गावातल्या एक अंगणवाडी सेविका २०१८ मध्ये पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. भिशीतली ओळख. मी महिना पाचशेची इंडेक्स फंडाची एसआयपी समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, भिशीत माझा नंबर कधी लागणार ते कळतं. इथं कधी लागणार?’ मला पटकन उत्तर सुचेना. मग म्हटलं, ‘इथं नंबर लागत नाही. इथं कधीकधी भांडं अर्धं रिकामं दिसेल. तेव्हा काढायचं नाही, पुन्हा भरेपर्यंत टाकत राहायचं. दहा वर्षांच्या आत लागणारे पैसे यात घालू नका.’ त्या म्हणाल्या, ‘मग भांडं रिकामं दिसेल तेव्हा मी तुमच्याकडे येईन.’ आणि खरंच आल्या. मार्च २०२० मध्ये येता आलं नाही, तेव्हा फोन केला.

मार्च २०२० मध्ये फोन दिवसभर वाजत असे. जानेवारीत ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. बाहेर टाळेबंदी, रस्त्यावर पोलीस, घरात आजाराची भीती, आणि मोबाइलवर आपल्या पैशांचा लाल आकडा. ‘ताई, पैसं बुडलं व्हय?’ हा प्रश्न मी त्या दिवसांत किती वेळा ऐकला याची गणती नाही. मी प्रत्येकाला एकच विचारायची, ‘हे पैसे तुम्हाला यंदा लागणार आहेत का?’ बहुतेक जण नाही म्हणायचे. मग थोडा वेळ आम्ही दुसरंच बोलायचो, गावात किती रुग्ण आहेत, मुलगा पुण्याहून आला का, दूध कुठून आणता. फोन ठेवताना माणूस शांत झालेला असायचा. काढू नका हे मी त्याला फार थोड्या वेळा सांगितलं. त्याचं ऐकणारं कुणीतरी होतं, तेवढ्यानं निभावलं.

ज्यांनी फोन केला नाही त्यांनी काढले. त्यात एक असा होता, की त्यानं आधी ॲपवरून काही फंड घेतले होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळे विकले. तो हुशार आहे, इंजिनियर आहे, माहिती माझ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त होती. नंतर म्हणाला, ‘रात्री दोन वाजता एकटाच बसलो होतो आणि बटन समोर होतं.’ ॲपला माझा विरोध नाही. २०१३ पासून मधल्या वितरकाशिवाय घ्यायच्या थेट योजना आहेत, खर्च कमी आहे, ज्याला जमतं त्यानं तसंच घ्यावं, आणि मी माझ्या पुतण्याला तेच सांगितलं आहे. पण रात्री दोन वाजता समोर कुणी नसतं, हे खरं आहे.

माझा स्वार्थ मी लपवत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये प्रवेश शुल्क बंद झालं, ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशन बंद झालं. दोन्ही निर्णय गुंतवणूकदाराच्या भल्याचे होते आणि मला ते मान्य आहेत. आज महिना हजाराची नवी एसआयपी सुरू केली तर पहिल्या वर्षात मला साठ रुपयांच्या आसपास मिळतात. तेवढ्यात एका शेतकऱ्याच्या घरी तीनदा जाण्याचं पेट्रोलही निघत नाही. म्हणून माझ्यासारखे बरेच जण लहान गुंतवणूकदाराचा नाद सोडून मोठ्या रकमेमागे गेले. मी गेले नाही, कारण मला हे काम आवडतं आणि ही माणसं माझी आहेत. पण आवडीवर सगळी व्यवस्था चालणार नाही. अडीचशे रुपयांची छोटी एसआयपी तुम्ही आणलीत ते फार चांगलं केलंत. ती ज्या बाईसाठी आहे, तिच्या ओट्यावर जाऊन बसणार कोण, याचंही उत्तर द्या.

आता मागणं. २०१२ च्या नियमाप्रमाणे फंड घराण्यांना मालमत्तेच्या दर शंभर रुपयांमागे वर्षाला दोन पैसे गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवावे लागतात. ऐकायला दोन पैसे, पण २०२५ मध्ये उद्योगाची मालमत्ता ७५ लाख कोटींच्या पुढे गेली. ढोबळ हिशेब केला तरी ही रक्कम वर्षाला हजार कोटींच्या वर जाते. मार्च २०१७ पासून ‘म्युच्युअल फंड सही है’ घरोघरी पोचलं, त्याचा मला रोज उपयोग होतो. पूर्वी मला आधी ‘हे काय असतं’ ते सांगावं लागे, आता लागत नाही. पण ती जाहिरात माणसाला दारापर्यंत आणते. पुढचा, भांडं अर्धं रिकामं दिसेल तेव्हाचा निर्णय कुणाच्या शब्दावर व्हायचा?

माझं म्हणणं, त्या पैशातला मोठा वाटा पडझडीच्या महिन्यांसाठी राखून ठेवा. बाजार चढत असताना जाहिरातीची गरज नसते, तेव्हा शाळेतला एक मोबाइल पुरतो. बाजार पडला की दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रात, एसटी स्टँडवर, आकाशवाणीच्या सातारा केंद्रावर तुमचा आवाज ऐकू यायला हवा. त्यात ‘घाबरू नका’ एवढंच नको. असं पूर्वी कधी झालं होतं, किती पडलं होतं, परत यायला किती वर्षं लागली होती, आणि कुणी आपले पैसे यात ठेवायलाच नको होते, हे सगळं त्यात हवं. शेवटचं वाक्य तुम्हाला अडचणीचं वाटेल, पण लोकांचा विश्वास त्याच वाक्यानं बसतो.

दुसरं, प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी येणारी ती जोखमीची सूचना. टीव्हीवर चौदा शब्दांचं इंग्रजी वाक्य पाच सेकंद असलं की ते नियमाला पुरतं. मराठीत ‘बाजारातील जोखमींच्या अधीन’ म्हणून जे ऐकू येतं ते माझ्याकडच्या एकाही माणसाला अर्थासकट सांगता येत नाही. लहान मुलं त्याची घोकंपट्टी करून नक्कल करतात. त्याऐवजी सरळ सांगा: ‘यात घातलेल्या दहा हजारांचे काही महिन्यांत सहा हजारही होऊ शकतात. पाच-सात वर्षं न लागणारे पैसेच घाला.’ शेअरच्या फंडांबाबत २०२० मध्ये जवळपास तसंच झालं होतं, म्हणजे ही अतिशयोक्ती नाही. शब्द बदलायचा अधिकार सेबीचा आहे हे मला माहीत आहे, पण प्रस्ताव तुम्ही मांडू शकता. रिस्कोमीटरच्या शेजारीही तोच रुपयांतला हिशेब छापा. त्या निवृत्त सरांनी तो पाहिला असता तर स्टाफरूममध्ये सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

तिसरं मागणं लहान आहे. त्या अंगणवाडी सेविका फेब्रुवारी २०२५ च्या त्याच आठवड्यात माझ्याकडे आल्या. बाकीचे एसआयपी बंद करायला येत होते, म्हणून मला वाटलं त्याही त्यासाठीच आल्या. त्यांनी पिशवीतून घडी घातलेलं खात्याचं विवरणपत्र काढून टेबलावर पसरलं. सगळं इंग्रजीत, बारीक छपाई, सात-आठ रकाने. सात वर्षांत त्यांनी ४२ हजार भरले होते. सप्टेंबरमध्ये त्याचे पंचाहत्तर हजार दिसत होते, आता सदुसष्ट हजार दिसत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ताई, यातलं मी घातलेलं कुठलं आणि झालेलं कुठलं? घरी पोरगी विचारते, मला सांगता येत नाही.’ मी पेन्सिल घेतली आणि एका आकड्याशेजारी लिहिलं ‘घातले’, दुसऱ्याशेजारी लिहिलं ‘आजची किंमत’. त्यांनी दोन्ही वाचलं, मनात वजाबाकी केली, कागद पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे भांडं अजून माझ्याच्यापेक्षा भरलेलंच हाय. चालू दे.’

त्यांच्या पुढच्या विवरणपत्रावर ते दोन शब्द छापूनच येऊ द्यात.

आपली नम्र,
एक म्युच्युअल फंड वितरक,
कराड, जि. सातारा